न पाहता कोकणातल्या जुन्या घराला भाव द्यायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती झाले की आणि मे महिना सरला की हे फोन वाढतात. गावी आलेला चाकरमानी बंद पडलेल्या घराकडे बघतो, विकायचे ठरवतो आणि फोटो फिरू लागतात. मग पुण्याहून, ठाण्याहून, कधी दुबईहून विचारणा येते: "जांभ्याचे जुने घर आहे, दुरुस्ती करून भाड्याने द्यायचा विचार आहे, मालक आजच आकडा मागतोय. सांगू का?" अशा विचारणांतून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याच्या गोष्टी सर्वसाधारण आहेत. तुमच्या व्यवहारासाठी तालुक्याचा वकील लागेलच.

1. घर न पाहता भाव सांगणे कितपत बरोबर?

भाव सांगायला काहीच हरकत नाही, पण न बघता पैसे देऊ नका. दापोली, गुहागर किंवा देवगडची एक खेप म्हणजे दोन दिवस मोडतात. प्रत्येक फोटोमागे धावलात तर वर्षभरात तीन-चार घरेच बघून होतील, आणि त्यातली बरीच कागदांवरच बाद होणारी निघतील. म्हणून आधी कागद, मग अटी घालून भाव आणि मालकाचे डोके जुळतेय असे दिसले की प्रवास, हा क्रम मला योग्य वाटतो. भाव कोणत्या शब्दांत सांगायचा ते प्रश्न 8 मध्ये आहे.

2. ऑफर, विसार, साठेखत, खरेदीखत यांत मी नेमका कुठे अडकतो?

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर सांगितलेला भाव ही बोलणी असते. विसार दिला की तुमचा पैसा अडकला. विसारपावतीत परताव्याची अट नसेल तर तो परत मिळवताना नाकी नऊ येतात. साठेखत हा पुढे खरेदी करण्याचा करार आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 प्रमाणे अशा कराराने मालकी येत नाही. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर "घर तुमच्या नावावर झाले" असे कोणी सांगत असेल तर मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

विसार रोखीने मागितला तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणे आयकर कायद्याला मान्य नाही.

3. घरबसल्या कोणते कागद बघता येतात?

बरेच बघता येतात, आणि ते बघितल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नये. मालकाकडून आधी गट नंबर, हिस्सा नंबर घ्या. "गट नंबर लक्षात नाही, नंतर देतो" असे उत्तर आले तर बोलणी तिथेच थांबवा. ज्याला विकायचे आहे त्याला आपला गट नंबर पाठ असतो.

सातबारा शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर दिसतो. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो. त्यात भोगवटादारांची नावे मोजा, वर्ग 1 (मोकळेपणी विकता येणारी) की वर्ग 2 (विक्रीवर शासनाच्या अटी असलेली) ते बघा आणि उजवीकडचा "इतर हक्क" रकाना शब्द न् शब्द वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, सगळे तिथे सापडते. मग फेरफार मागवा. आजचा सातबारा फक्त आजची स्थिती सांगतो. घर या नावापर्यंत कसे आले, कोणत्या बहिणीचे नाव कधी कमी झाले आणि कशाच्या आधारे, हे फेरफारात कळते. "आपली चावडी"वर चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. विक्रीच्या वेळेलाच एखादी वारसनोंद सुरू असेल तर कान टवकारा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या गटाचे जुने दस्त, म्हणजे सूची क्रमांक 2, शोधता येतात. तोच गट आधी कोणाला साठेखताने दिलेला आहे का, हे तिथे कळू शकते. ई-कोर्ट्सवर मालकाच्या नावाने दिवाणी दावे शोधा. महाभूनकाशावर गटाचा आकार आणि शेजारचे गट बघा. एवढे सगळे बघायला एक संध्याकाळ लागते आणि तिने माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांचे पैसे वाचवले आहेत.

4. मालक म्हणतो, "ग्रामपंचायतीत घर माझ्या नावावर आहे, घरपट्टी मीच भरतो." पुरे ना?

नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे असेसमेंटचा उतारा कर आकारणीसाठी असतो. त्याने मालकी सिद्ध होत नाही. कोकणात घर एकाचे आणि त्याखालची जमीन दुसऱ्याची, असे सर्रास आढळते. घरपट्टी भाऊ भरतो आणि सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच, हेही नेहमीचे. गावठाणातल्या घरांना बऱ्याच ठिकाणी मालमत्ता पत्रकच नव्हते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ती मिळू लागली आहेत. असेल तर ते मागा.

5. मी शेतकरी नाही. घराभोवती आठ-दहा गुंठे बाग आहे. घेता येईल?

घराखालची जागा बिनशेती किंवा गावठाणातली असेल आणि बाग वेगळ्या सातबाऱ्यावर शेती म्हणून असेल, तर दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतली तर व्यवहार अवैध ठरवण्याची कारवाई होऊ शकते. महाराष्ट्रात कुठेही तुमच्या नावावर शेती असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा जोडून काम होते. ज्यांची नाही त्यांनी भाव सांगतानाच लिहावे: "फक्त घर आणि बिनशेती जागेसाठी." बाग धरून सांगितलेला आकडा नंतर कमी करताना फार कटकट होते.

6. मालकाने व्हिडिओ पाठवलाय. त्यात काय बघू?

व्हिडिओ कधीचा आहे, हे सगळ्यात आधी विचारा. मी स्वतः एकदा जुलैतला व्हिडिओ बघून भुललो होतो. विहीर काठोकाठ, परसात हिरवेगार, पागोळ्यांचा आवाज. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन उभा राहिलो तर विहिरीच्या तळाला चिखल आणि शेजाऱ्यांकडे टँकरचे पाणी. पाण्यासाठी एप्रिल-मेचा पुरावा हवा. छपरासाठी मात्र भर पावसातला व्हिडिओ हवा. म्हणून दोन मागा.

पाठवलेल्या व्हिडिओवर भागवू नका, व्हिडिओ कॉल लावा आणि कॅमेरा तुम्ही सांगाल तिथे न्यायला सांगा. खळ्यातून सुरुवात करा, ओटी, माजघर, मग माळ्यावर. आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, सरळ आहे की मधे पोक आले आहे? वासे जिथे भिंतीवर टेकतात ती टोके जवळून दाखवायला सांगा, कारण लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. एक कौल सरकले की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यात आणि मातीची भिंत असेल तर दोन-तीन पावसांत तिला पोट येते. घर शेवटचे कधी शाकारले, कौले कोणी चाळली, असा थेट प्रश्न करा. "पाचेक वर्षांपूर्वी" असे उत्तर आले तर छप्पर उतरवायचे धरूनच हिशोब करा.

भिंतीवरून वर जाणाऱ्या मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. खांबाखाली पिठासारखा भुसा दिसला तर किडा. खांबाच्या बुडाशी सुरीचे टोक दाबून दाखवा म्हणायला लाजू नका. जांभ्याच्या चिऱ्यावर ताजा सिमेंटचा गिलावा आणि त्यावर नवा रंग असेल तर जरा थांबा. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल तो वर खेचतो, आणि सिमेंटने बाहेर पडायची वाट बंद केली की ओल आतल्या बाजूला निघते. जुन्या चुन्याच्या भिंतीवरचे डाग मला त्यापेक्षा परवडतात. निदान खरे काय ते दिसते.

कोणत्या कोपऱ्यात कॅमेरा जात नाही, तेही टिपून ठेवा. बहुधा न्हाणी किंवा मागची पडवी असते.

7. दुरुस्तीचा आकडा न बघता कसा धरायचा?

मी उलटा हिशोब करतो. समजा, त्याच गावात धड अवस्थेतले तेवढेच घर 40 लाखांना जाते. छप्पर, वायरिंग, न्हाणी-संडास, पाण्याची सोय धरून दुरुस्ती 12 लाख. न दिसलेल्या गोष्टींसाठी दुरुस्तीच्या तिसऱ्या हिश्शाइतके, म्हणजे 4 लाख. मुद्रांक, नोंदणी, मोजणी, वकील मिळून 3 लाख. उरले 21. गुंतवणूक म्हणून घेताय तर घर दीड-दोन वर्षे पैसा खाणार, त्याचे 4 लाख. तुमचा पहिला आकडा 17 लाखांच्या आसपास. हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत. तुमच्या गावचे दर स्थानिक गवंड्याला आणि सुताराला विचारा.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि शासनाचा वार्षिक मूल्य दर (रेडी रेकनर) यांतल्या जास्त रकमेवर लागते, त्यामुळे पडीक घर स्वस्तात घेतले तरी शुल्क तेवढे कमी होतेच असे नाही. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. दुसरी गोष्ट लाकडाची. "परसातला फणस पाडून तुळया काढू" असे गृहीत धरू नका. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. आपल्या आवारातली असली तरी तोडायला परवानगी लागते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर छपराचे काम होत नाही. ऑगस्टमध्ये ठरलेला व्यवहार म्हणजे कामाला दिवाळीनंतरच हात.

8. ऑफर लिहायची कशी?

साधी, मराठीत, चार-पाच वाक्यांत. मी असे लिहून देतो:

"गट क्रमांक अमुक, हिस्सा अमुक, यातील घर व जागेसाठी मी रुपये अमुक इतका भाव देण्यास तयार आहे. हा भाव घर प्रत्यक्ष न पाहता सांगितला आहे. घराची पाहणी, सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती, वकिलाचा शोध अहवाल आणि सरकारी मोजणी समाधानकारक असल्यास तो कायम राहील. पाहणीपूर्वी कोणताही विसार दिला जाणार नाही. हा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत खुला आहे."

मुदत तीन आठवड्यांची ठेवा. मालकाला भावंडांशी बोलायला वेळ लागतो, पण खुली ऑफर लटकत ठेवली की तिचा उपयोग दुसऱ्या गिऱ्हाइकाला चढवायला होतो. "समाधानकारक" या शब्दाला मालक अडला तर पाहणीत काय बघणार ते खाली लिहा: छप्पर, भिंती, विहीर, वाट, हद्द. मी पाहिलेल्या प्रामाणिक मालकांनी या मजकुराला कधी नकार दिला नाही.

9. दलाल म्हणतो, "दुसरी पार्टी उद्या विसार घेऊन येतेय."

येऊ द्या. बारा वर्षे बंद असलेले घर एका रात्रीत जात नाही, आणि गेलेच तर तुमचा एकही पैसा गेला नाही.

10. मला जमत नाही, माझ्या वतीने कोणाला पाठवू?

दलालाला नको. मालकाच्या शेजाऱ्यालाही नको, कारण किल्ली बहुधा त्याच्याकडेच असते आणि नाती जुनी असतात. शेजारच्या गावातला सुतार किंवा गवंडी पाठवा, त्याची दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च आधी द्या आणि स्पष्ट सांगा की काम त्यालाच मिळेल असे नाही. काम मिळायच्या आशेने माणूस कधी दोष वाढवून सांगतो, कधी झाकतो. प्रश्न 6 मधल्या गोष्टी त्याला कागदावर लिहून द्या.

11. "माझ्या हिश्शाचे घर आहे, भावांशी काही संबंध नाही." घेऊ का?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून जरा लांब लिहितो.

कोकणातले जुने घर दिसायला एक असते, पण आत चुली तीन. एक भाऊ गावात, एक डोंबिवलीत, एक बहीण सासरी, आणि गणपतीत सगळे त्याच माजघरात. विकणारा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच वाटते की ओटीपासून उजवीकडचे आपले. पण कागदावर वाटप झालेले नसते.

अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा तिऱ्हाइताने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे त्याला सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे दिले, खरेदीखत झाले, तरी आत राहता येणार नाही. वाटपाचा दावा लावून वर्षानुवर्षे थांबा. शिवाय हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 22 मध्ये वर्ग 1 च्या सहवारसांना आधी विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे. मुलींचे काय, असेही विचारतात. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. "बहिणींनी तोंडी सोडले आहे" याला अर्थ नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर दाखवा म्हणावे.

छप्पर दीड महिन्यात बदलून होते. हिस्सेदारांचा घोळ मात्र मी वीस वर्षे चाललेला पाहिला आहे. एक जोडपे निवृत्तीच्या पैशातून असा हिस्सा घेऊन बसले. घराला दोन कुलुपे आहेत आणि दुसऱ्याची किल्ली त्यांना अजून मिळालेली नाही. त्यांना आधी कोणी हे सांगितले असते तर, असे मला अजून वाटते. म्हणून माझे ठाम मत: सगळे हिस्सेदार खरेदीखतावर सही करणार नसतील, तर कितीही स्वस्त असो, भावच सांगू नका.

12. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. पाडून दोन मजली बांधता येईल?

बहुधा नाही, आणि मोठे बांधकाम गृहीत धरून भाव तर मुळीच देऊ नका. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) ना-विकास क्षेत्रात अस्तित्वातल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जुने जोते आणि जुना चटईक्षेत्र निर्देशांक ओलांडता येत नाही. ग्रामीण किनाऱ्यावर 2011 च्या अधिसूचनेत हे क्षेत्र भरतीरेषेपासून 200 मीटर होते. 2019 च्या अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा दाट वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी ते 50 मीटर केले, बाकी ठिकाणी 200 मीटरच राहिले. कोणती अधिसूचना लागू, हे त्या जिल्ह्याच्या मंजूर किनारा आराखड्यावरून ठरते. खाडीकाठालाही हे नियम आहेत, ते लोक विसरतात. "अधिकृत" हा शब्द महत्त्वाचा. घर जुने आहे याचा पुरावा म्हणून असेसमेंटचे जुने उतारे इथे खरोखर कामी येतात. मालकीसाठी ते का चालत नाहीत, ते प्रश्न 4 मध्ये आहे.

13. पूर-वादळाचे कसे कळणार?

तारखा धरून विचारा. चिपळूण, खेड परिसरात: "22 जुलै 2021 ला पाणी कुठपर्यंत होते?" भिंतीवरची रेघ दाखवायला सांगा. राजापूर, खारेपाटणलाही नदीकाठच्या घरांबद्दल हाच प्रश्न. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे: "3 जून 2020 च्या निसर्ग वादळात काय उडाले, नंतर काय घातले?" पत्रे घातले असतील तर खालचे वासे जुनेच आहेत का, तेही विचारा.

14. घरापर्यंत फक्त पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) आहे. अडचण येईल?

राहायला नाही, दुरुस्तीला येईल. चिरे, वाळू, सिमेंट डोक्यावरून न्यावे लागले तर मजुरी किती वाढते ते आधी गवंड्याला विचारा आणि प्रश्न 7 च्या हिशोबात घाला. पाखाडी दुसऱ्याच्या आगरातून जात असेल तर वहिवाट कागदावर आहे का बघा. पूर्वापार वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येते, पण पाहुण्यांसाठी घर चालवायचे असेल तर वाटेचे भांडण घेऊन सुरुवात करू नये.

15. सातबाऱ्यावर कूळ, वर्ग 2 किंवा देवस्थान असे काही दिसले तर?

कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 च्या अटी असतात, आधी त्या मोकळ्या करून घ्याव्या लागतात. ते मालकाने करावे आणि मगच तुम्ही भाव सांगावा. देवस्थान इनाम आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीत शासनाच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ इथे कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांकडे सामाईक असलेल्या) जमिनींचा प्रश्न आहे. हवा कितीही छान असली तरी तिथे स्थानिक वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

आणखी एक, जे "इतर हक्कां"तही बहुधा नसते: आंब्याची कलमे कराराने दिलेली असू शकतात. मालकाला विचारा, मोहोर कोणी घेतला आहे.

16. मी परदेशात आहे. सही कशी करायची?

परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला घर घेता येते. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, त्यामुळे प्रश्न 5 तुमच्यासाठी आणखी कडक. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यारपत्र फक्त त्या एका गटापुरते आणि फक्त सहीपुरते द्या. भाव ठरवायचा अधिकार देऊ नका.

17. न पाहता घेतले आणि नंतर दोष निघाला, तर मालकाकडून भरपाई मिळेल?

कठीण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन कळला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा. पण पोक आलेले आढे कोणालाही दिसते. तुम्ही गेलाच नाहीत, हा तुमचा बचाव होत नाही. आतून पोखरलेला खांब किंवा लपवलेला दावा यांवर भांडता येईल, म्हणून मालकाची उत्तरे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. भाव सांगण्याआधी नाही गेलात तरी चालेल, विसार देण्याआधी मात्र स्वतः जाऊन घरात उभे राहा.

18. घरात देव आहेत, शिमग्याला पालखी येते. घर घेतल्यावर ते माझ्याकडे येते का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, जरा संकोचाने विचारतात, पण मालकाशी पहिल्याच फोनवर बोलावा असा आहे. देव्हाऱ्यातले देव मालकाच्या कुटुंबाचे. ते कोण आणि कधी नेणार, हे विचारून घ्या. गणपती त्याच घरात बसवायची रीत असेल तर भावकीला पुढच्या वर्षी कुठे बसवायचा हे ठरवायला वेळ लागतो. बऱ्याच विक्री त्यासाठीच दिवाळीपर्यंत थांबतात. पालखी वाडीत फिरते. तुमच्या दारात थांबायची की नाही हे गावचे मानकरी ठरवतात, कागदाने ठरत नाही. ज्यांनी विचारले त्यांना मी सांगतो की खळे सारवून ठेवा, नारळ ठेवा आणि घर घेतल्यावर पहिल्या शिमग्याला नक्की गावात असा.